पोळीवाचून पितर

केळापूर,
दि. ३ एप्रिल २०२५

ती. सौ. लीलावहिनीस,
नंदाचा सा. न. वि. वि.

इकडे सारे ठीक, तिकडेही ठीकच असाल. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. मागचं आपलं भांडण मी रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं, ती माझी चूक, मान्य. पण तुम्हीही त्यात मला काही कमी बोलल्या नव्हत्या, आणि ते सगळ्यांनी ऐकलं हे एक बरं झालं.

कामाचं लिहिते. तीस तारखेला अक्षय तृतीया, आपली अखजी. बाबा गेल्यापासून दर अखजीला आमचे हे तुमच्याकडे बाबांच्या नावानं पितर म्हणून पाटावर बसतात. जावयाचा मान आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं ताटाबद्दल आहे.

दिवाळीत यांचं वजन एकशे चार किलो होतं. शुगर तीनशेच्या खाली येत नव्हती, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी पोळी, भाकर, भात, साखर, गूळ, आलू, सारं बंद केलं. आता अंडी, पनीर, भेंडी, वांगी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे, ताक. भाताच्या जागी मी फुलकोबी किसून वाफवते. पहिला महिना घरात महाभारत झालं. मी गव्हाची कोठी उचलून जावेकडे नेऊन ठेवली, तर हे रोज जावेकडे चहाला जाऊ लागले. पण वहिनी, तेरा किलो उतरलं. डॉक्टरांनी इन्सुलिन अर्ध्यावर आणलं. जखमेनं खपली धरली आहे. ती पुरती भरेपर्यंत एक दिवसही ढील देऊ नका, असं त्यांनी मला चारदा बजावलं.

पितरानं वाढलेल्याला नाही म्हणायचं नसतं आणि ताटात काही उरवायचं नसतं. यांना न जाण्याबद्दल म्हटलं तर ऐकत नाहीत. सासऱ्यांच्या नावानं बसलो की वहिनी वाढतील ते खाईन, म्हणतात. मागच्या साली तुम्ही सात पोळ्या वाढल्या, वरून तुपाची वाटी, गुळाची चिंचवणी, शेवयांची खीर. दुसऱ्या दिवशी यांना सलाईन लागलं. यंदा पोळी, भात, खीर यातलं काही वाढू नका. दोन भाज्या आणि दही पुरे. तुम्ही असा ढीग मायेनं वाढता की मुद्दाम, ते मला कळत नाही, म्हणून स्पष्ट लिहिलं.

दादांना नमस्कार. लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुमची नणंद,
नंदा


बोरी अरब,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. सौ. नंदास,
लीलावहिनीचे आशीर्वाद, घ्यायचे असले तर घे.

तुहं पाकीट भेटलं. पोस्टमन संघदीपनं हातात देलं अन् इचारलं, आजकाल पत्र कोण लिहिते. म्या सांगतलं, ज्याले फोनवर सरळ बोलता येत नाही ते.

पहिले मले एक सांग. सदाशिवराव वर्षातून एक दिवस माह्या घरी जेवतात. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोणाच्या हातचं खाऊन एकशे चार किलो झाले? सलाईन लागलं हे मले आज कळलं. वर्षभर काहून नाही सांगतलं? म्या मुद्दाम वाढते म्हणे. अन् पितराच्या ताटात मी फुलकोबीचा भुगा वाढू, अन् मामाजीनं, तुह्या बाबानं, वरून तो पाहावा!

पण गोष्ट ताटाची नाही, हे तुलेही ठाऊक आहे. मामाजीले शुगर निघाली तवा त्याइचं कोणी केलं? तू केळापुरात होती. तुहे दादा दिवसभर वावरात. डॉक्टरनं जे लिहून देलं ते म्या केलं. अर्धी भाकर, चहा बिनसाखरेचा, इन्सुलिनची सुई दोन्ही टाइम माह्या हातची. तुहे बाबा मले हात जोडून गूळ मागत होते, नंदा. एवढा मोठा माणूस सुनेले हात जोडून राह्यला. म्या डबा लपवला अन् चुलीकडं तोंड करून रडली. एवढं करून शुगर कधी चारशे, कधी पाचशे. डॉक्टर साऱ्या लोकाइपुढं मले म्हणाला, बाई, तुम्हाला सुई देता येत नाही का. तुहे दादा महिनाभर माह्याशी बोलले नाही. मग पाय कापला, अन् पायामागं मामाजी गेले.

तेराव्याच्या दिवशी तू आमच्या अंगणात साठ-सत्तर बायांपुढं काय बोलली होती? “माह्या बापाले हिनं भाकरीसाठी तरसवून मारलं.” शब्द तुहेच आहेत, मी एकही इकडचा तिकडं केला नाही. नऊ वर्ष झाले. अजूनही गल्लीत कोणी म्हातारा वाळला का बाया हासतात, लीलाबाईच्या हातचं जेवत असन म्हणतात. नंदाबाई, आता तू तेच करून राह्यली, तर त्याले डाएट म्हणतात. म्या केलं तवा ते उपाशी मारणं होतं.

तर ऐक. ज्या अंगणात बोलली त्याच अंगणात, अखजीच्या दिवशी, त्याच बायांपुढं ते शब्द वापस घे. मग तू म्हणशील ते वाढीन. नाही घेतले तर यंदा नऊ पोळ्या वाढीन अन् जावई त्या खातील, कारण त्याइले पाटाची लाज आहे. मग तुहं तू पाहा.

आमच्या आयुषची परीक्षा झाली. तुह्या दादाची कंबर दुखते. माया ठेव असं लिहिवत नाही, म्हणून लिहीत नाही.

लीला


केळापूर,
दि. १६ एप्रिल २०२५

ती. सौ. वहिनीस,
नंदाचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप चिडली. दोन कागद भरून तुम्हाला शिव्या लिहिल्या आणि फाडून टाकल्या. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणजे माझी चीड खोटी नव्हती. जखमी पायाच्या माणसाला नऊ पोळ्यांची धमकी देता, तुम्हाला काही वाटत नाही का? तुमच्या मनात माझ्याबद्दल जे आहे त्याची शिक्षा यांच्या पायाला कशाला?

परवा हे बसस्टँडवर जिलबी खाताना मला सापडले. मी भर रस्त्यात ओरडली. हे लहान पोरासारखे कागद मागं लपवत होते. मी म्हटलं, मी मरमर करून तुमचा पाय वाचवते अन् तुम्ही चोरून खाता. बोलता बोलता मला तुमच्या पत्रातला गुळाचा डबा आठवला.

वहिनी, शब्द परत घ्यायला मी तयार आहे. पण बाया विचारतील, मग तेव्हा बोललीस कायले. त्याचं उत्तर तुम्हाला आधी सांगावं लागते.

मी महिन्यातून दोनदा माहेरी येत होती ना बाबांना भेटायला? तुम्ही वावरात गेल्या की मी पर्समधून बुंदीचे लाडू काढत होती. बाबा म्हणत, नंदे, एकच दे. मी चार देत होती. येताना यवतमाळहून अर्धा किलो घ्यायची आणि उरलेले त्यांच्या गादीखाली ठेवून जायची, पुढच्या आठ दिवसांसाठी. मला वाटायचं, तुम्ही कठोर आहात आणि बापाची माया फक्त मलाच आहे. दीड वर्ष हे चाललं. डॉक्टर तुम्हाला बोलला तेव्हा मी दाराशीच होती, हातात पाण्याचा गिलास घेऊन. दादा तुमच्यावर ओरडले तेव्हाही मी घरातच होती. तोंड उघडलं नाही. पाय कापला तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तेराव्याला मला भीती होती की कोणाच्या तोंडून गादीखालची गोष्ट निघेल, म्हणून सगळ्यांच्या आधी मी तुमच्यावर ओरडली. तुम्ही त्यांना मारलं नाही. जे केलं ते मी केलं.

हे यांनाही माहीत नाही. आता तुम्ही काय वाढायचं ते वाढा. मी फक्त यांच्या पायासाठी हात जोडते.

नंदा


बोरी अरब,
दि. २३ एप्रिल २०२५

सौ. नंदास,

पत्र वाचलं. गोठ्यात बसून दोनदा वाचलं, मग चुलीत टाकलं. तुह्या दादाले दाखवलं नाही अन् दाखवणारही नाही. तुह्यावर उपकार म्हणून नाही. बापाच्या मागं त्या माणसाले बहीणही गेली असं व्हायले नको.

तुले एक गोष्ट ठाऊक नाही. नऊ वर्ष मी असंच समजत होती का सुई माह्याच हातून चुकली. औषध कमी भरलं का जास्त, का घाईनं अर्धं बाहेरच गेलं, रोज आठवून पाहत होती. त्याइले उपाशी ठेवलं अन् वरून हातानं चूक केली, म्हणून अखजीले ताटात ढीग वाढत होती. सात पोळ्या जावयासाठी नव्हत्या, नंदा. मामाजीसाठीही नव्हत्या. त्या माह्यासाठी होत्या.

तीस तारखेले सदाशिवरावाले घेऊन ये. ताटात वांग्याची भाजी, भेंडी, काकडी, दही, तूप राहीन. पोळीचा एक घास फक्त मामाजीच्या नावानं आगीले देईन. वाढायले मी बाहेर येणार नाही, तुह्या नवऱ्याले तूच वाढ. बाया नेहमीच्याच येतील. त्याइच्यापुढं किती सांगायचं अन् काय सांगायचं ते तुह्यावर सोडलं. मी तुले उघडी पाडणार नाही अन् झाकणारही नाही.

माफ केलं असं समजून येऊ नको. ते होईन का नाही, मले आज सांगता येत नाही. ज्या हातानं तुह्या बापाचं सारं केलं, त्याच हाताले नऊ वर्ष मी नावं ठेवली. लोकाइचं बोलणं तू अंगणात वापस घेशील. माह्या हाताले काय सांगू, ते मले कोण सांगन?

लोभाचं तूच ठरव.

लीला