डावी खुर्ची

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय पूर्वा,

सप्रेम जय भीम. मी इथे ठीक आहे. तूही हैदराबादेत ठीक असशील आणि जेवणाच्या वेळा पाळत नसशील, हे गृहीत धरते. फलटणहून आईचा फोन येतो तेव्हा ती तुझी चौकशी करते. "मजेत आहे," असे मी सांगते.

संदेश न पाठवता पत्र का, असे तू विचारशील. संदेश वाचल्याची निळी खूण उमटते आणि मग मी त्या खुणेकडे पाहत बसते. पत्राला ती सोय नाही, हे बरे.

माझी हिंजवडीची नोकरी चालू आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायच्या, म्हणजे तू मला 'शब्दकोश' म्हणायचीस ते आता अधिकृत झाले. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून वाचते. शेजारची मुलगी कानात गाणी घालून झोपते. एकमेकींचे नाव आम्हाला ठाऊक नाही, पण वाकडकडचा चौक आला की मी तिला उठवते.

वासंतीकाकूंचा गुडघा कुरकुरतो, जीभ शाबूत आहे. त्यांनी आपली खोली पुन्हा दोघींची करायचे ठरवले आहे. एक तारखेपासून निकिता नावाची मुलगी येणार, म्हणजे तुझी कॉट माळ्यावरून खाली येणार, म्हणजे कॉटच्या जागी उभे असलेले, आपण हाताने बनवलेले सरावाचे कॉकपिट जाणार. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो आम्रपाली, विमान हलवा आता. आमच्याकडे पार्किंग फक्त दुचाकीचं आहे."

मी तुला विचारले. "देऊन टाक ना कोणालातरी, आता काय उपयोग," असे तू कळवलेस आणि पुढे एक हसरा चेहरा काढलास. तुझे बरोबरच आहे. तिथे तू खऱ्या वैमानिकांच्या प्रशिक्षणयंत्रात बसतेस. कपाटाच्या ड्रॉवरच्या रुळांवर पुढेमागे सरकणारे चाक तुला आता कशाला?

पण ते द्यायचे म्हणून मी पुसायला घेतले आणि एकेक वस्तू ओळख देऊ लागली. पायाने दाबायच्या पट्ट्यांना आपण दाराच्या बिजागऱ्या लावल्या होत्या. पासोड्या विठोबाजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानात तू खटके मागितलेस, तेव्हा दुकानदाराने "कशासाठी?" विचारले आणि तू शांतपणे "विमानासाठी" म्हणालीस. तो म्हणाला, "मग चांगले देतो." इंजिनाचा जोर कमीजास्त करायला दांडा मिळेना, म्हणून तू काकूंच्या स्वयंपाकघरातून पळी आणलीस. आठ दिवस काकू आमटी वाटीने वाढत होत्या. शेवटी त्यांनी येऊन पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "निदान धुऊन तरी घेतली होतीत का?"

खरे तर एकच चाक पुरले असते. सराव तुला हवा होता. दुसरे चाक आणि दुसरी खुर्ची व्हावी, हा हट्ट माझा होता. "खऱ्या विमानात दोन असतात," असे कारण मी दिले आणि तू ते मानलेस. कपडे वाळत घालायच्या दांडीच्या कप्प्या काढून, त्यांवरून नायलॉनची दोरी नेऊन आपण दोन्ही चाके जोडली. डावीकडे तू, उजवीकडे मी. तू चाक वळवलेस की माझ्या हातातले चाक आपोआप वळायचे. यादी मी मराठीत केली होती. मी वाचायची, "इंधन?" तू म्हणायचीस, "पुरेसे." मी म्हणायची, "दारे?" तू म्हणायचीस, "बंद. काकू आत नाहीत."

आणि ताबा देण्याची रीत. जिच्या हाती चाक असेल तिने म्हणायचे, "ताबा तुझ्याकडे." दुसरीने चाक धरून म्हणायचे, "ताबा माझ्याकडे." मग पहिलीने पुन्हा एकदा, "ताबा तुझ्याकडे," आणि तेव्हाच हात काढायचा. उत्तर येईपर्यंत सोडायचे नाही. खऱ्या वैमानिकांची रीत अशीच असते, असे तूच मला सांगितले होतेस.

तू विमान चालवायला शिकायला बारामतीला निघालीस त्या दिवशी स्वारगेटला गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणालीस, "शब्दकोश, ताबा तुझ्याकडे!" गाडी हलली. मी हात केला, बोलले नाही. तुला वाटले असेल, आवाजात ऐकू आले नाही. ऐकू आले होते. पण मी उत्तर दिले नाही, म्हणजे नियमाप्रमाणे तुला हात काढता येत नाही, असा मी माझ्या सोयीचा अर्थ लावून घेतला.

त्यानंतर मी कॉकपिटमध्ये बसले ती उजव्याच खुर्चीत. मला विमानांचे वेड नव्हते, पूर्वा. वेड तुझे होते. माझे जे होते त्याचा शब्द मी कोणत्याही कोशात शोधला नाही. कामावरून आले की संगणकाच्या पडद्यावर लोहगाव विमानतळाची धावपट्टी लावायची, यादी वाचायची, तुझ्या उत्तरांइतकी वाट पाहायची. मी चाक वळवले की दोरीने तुझे चाकही वळायचे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले तर तेवढे पुरत असे.

गेल्या वर्षी ती दोरी तुटली. मी एकटीनेच नवी बांधली आणि कप्प्यांवरून नेताना तिढा पडला. झाले असे, की मी डावीकडे वळवले की तुझे चाक उजवीकडे जायचे. विमान माझ्याच चाकाचे ऐकायचे, कारण कोन मोजणारा तुकडा आपण माझ्या बाजूला बसवला होता. म्हणून उडण्यात काही बिघडले नाही. चूक पहिल्याच वळणावर कळली. दोरी सोडून सरळ करणे अवघड नव्हते. मी केली नाही. पूर्वी ते चाक मुकाट्याने माझ्यामागून यायचे. आता ते विरोध करू लागले. तुझ्यासारखे.

हे कुणाला सांगण्यासारखे नाही. पण आज ते एका परक्या माणसाला दिसले.

खराडीचे अवधूत म्हणून एक गृहस्थ कॉकपिट पाहायला आले होते. ते घराच्या बाल्कनीत असलेच काही बनवत आहेत. खाली वाकून, दोन्ही चाके हलवून पाहत म्हणाले, "अहो, हे उलटं फिरतंय. दोरीला तिढा आहे."

"माहीत आहे," मी म्हटले.

"मग सरळ नाही केलं?"

मी फडके घेऊन पळी पुसू लागले. काकू दारात होत्या, त्या म्हणाल्या, "पुण्यात सगळं सरळच असतं असं कोण म्हणालं तुम्हाला?" ते हसले आणि विषय सुटला. काकूंनी तो मुद्दामच सोडवला, असे वाटते.

मग ते संकोचून म्हणाले, "खरं तर मला एकच चाक हवंय. माझं एक तयार आहे. कादंबरी, म्हणजे माझी बायको, म्हणते, मी शेजारी नुसती बघत का बसू?"

काकूंनी काठीने फरशीच्या वर हवेतच एक रेघ ओढली. "म्हणजे अर्धं जाणार. कॉट भिंतीला लावली तर उरलेलं अर्धं मावेल. अख्खं नाही मावणार. कुठलं द्यायचं ते ठरवा, मी चहा टाकते."

आता तुला न लिहिलेली गोष्ट लिहिते. सप्टेंबरात तू पुण्यात येऊन गेलीस. काकूंना लक्ष्मी रस्त्यावर दिसलीस. "तुमच्या पूर्वाबाई दिसल्या, घाईत होत्या," त्या म्हणाल्या. "हो, मला भेटून गेली," असे मी म्हटले. त्या दिवशी मी सुट्टी असल्याने सबंध दिवस खोलीतच होते, हे काकूंना ठाऊक होते. थोड्या वेळाने त्यांनी शिऱ्याची बशी तेवढी आणून ठेवली.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. तू हात केव्हाच काढला होतास. गाडी हलली तेव्हाच. तो तुझा दोष नाही. तुला उडायचे होते. मी मात्र उत्तर न देता एक चाक दोघींच्या नावावर धरून बसले.

अवधूतांनी विचारले, "मग कुठलं नेऊ?"

काकू चहा टाकेपर्यंत मी मनात घोकले होते, की डावे जपून ठेवायचे, तुझे म्हणून. किंवा डावे द्यायचे, तुझे म्हणूनच. तोंडून निघाले, "उजवं न्या. डाव्या खुर्चीत मी बसणार आहे."

त्यांनी दोरी कापायला कात्री मागितली. मी म्हटले, "कापू नका, मी सोडते." सोडली. तिढा अगदी साधा होता.

ते गेल्यावर कोन मोजणारा तुकडा मी डाव्या चाकाला बसवला, तारा पुन्हा जोडल्या आणि दुपारीच त्या खुर्चीत बसले. इथून खिडकी दिसते, हे तू कधी बोलली नव्हतीस. पळी आजवर माझ्या डाव्या हाताला असायची, ती उजव्या हाताला आली. दोनदा चुकीकडे हात गेला. यादी वाचली. "इंधन?" थांबले नाही. "पुरेसे," असे मीच म्हटले, मोठ्याने. लोहगावहून उडाले, सिंहगडावरून वळले आणि उतरताना असे आदळले, की तू असतीस तर आठवडाभर ऐकवले असतेस. शेजारी रिकामी फरशी होती. तिच्याकडे पाहिले. ती हलत नव्हती.

जिन्यातून काकूंचा आवाज आला, "उतरलं का? मग या, चहाचं आधण तिसऱ्यांदा ठेवलंय."

निकिता कशी असेल, ठाऊक नाही. बोलकी नसावी, असेही वाटते आणि असावी, असेही वाटते. तुझी तिथली परीक्षा चांगली होवो. पुण्यात आलीस तर ये. घाईत असलीस तर तसे कळव, मी समजेन.

स्वारगेटला द्यायचे राहिलेले उत्तर खाली लिहीत आहे. रीतीप्रमाणे तिसरे वाक्य तुझे आहे. म्हणावेसे वाटले तर म्हण. न म्हणालीस तरी मी आता चाक धरले आहे.

ताबा माझ्याकडे.

आम्रपाली