डाग नसलेला सूर्य

नारपोली, १७ सप्टेंबर २००८

चि. वैशालीस आईचे अनेक आशीर्वाद.

इथे सगळे ठीक. तुझ्या बाबांनी पेपरात वाचलं, तू ज्याचा अभ्यास करतेस त्या सूर्यावर हल्ली डागच दिसत नाहीत. तेव्हापासून एकच धोशा लावलाय: रोगी बरा झाला, आता डॉक्टरीणबाई पुण्यात बसून काय करतायत? कल्याणचे पाहुणे दसऱ्याला येणार आहेत. त्याच दिवशी तुझ्या लग्नाची सुपारी फोडायची म्हणतात. त्या घरात सुनेला पुढे शिकू देत नाहीत. गुणाआत्यांनी माझ्या वतीने परस्पर सांगून टाकलं, आमच्या जानकीची कशाला ना असते. मी गप्पच राहिले.

खरं सांग, संपलं का तुझं काम? जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

पुणे, २४ सप्टेंबर २००८

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

बाबांना सांग, डॉक्टरीण अजून रोग्याची नाडीच बघतेय. सूर्य सारखा थरथरत असतो. त्याच्या पोटात आवाजाच्या लाटा फिरतात, आपल्याला त्या ऐकू येत नाहीत, पण वरची थरथर मोजता येते. डाग पडतात ते आतल्या चुंबकाच्या जोरामुळे; तो जोर वाढला की थरथर किंचित जलद होते. सध्या चेहरा अगदी स्वच्छ आहे, आणि तरी आमच्या आकड्यांत थरथर जलद होऊ लागली आहे. खरंच आहे की आमची चूक, हे कळायला मला अजून दोन वर्षं हवीत. आई, मला हे सोडायचं नाही. बाबांशी बोलायचा धीर मला होत नाही, म्हणून तुला लिहिते.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
वैशाली

नारपोली, ११ ऑक्टोबर २००८

चि. वैशालीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. थोडं समजलं, थोडं डोक्यावरून गेलं.

दसऱ्याला पाहुणे आले. ताटात सुपारी ठेवली, आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी रिवाज म्हणून विचारलं, आईची काही हरकत नाही ना? त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही, अडकित्ता उचलला.

मी म्हटलं, "हाय. माझी हरकत हाय. पोरीचं शिक्षण पुरं व्हायचं हाय."

आणि ताट उचलून आत नेलं. घाईत सुपारी खाली पडली. तुझे बाबा मागोमाग स्वयंपाकघरात आले. म्हणाले, एवढ्या वर्षांत तू कधी ‘न्हाय’ बोलली न्हाईस. मी म्हटलं, "बोलले न्हाय, म्हंजे मनात काय नव्हतं काय?"

ते तिथेच पाटावर बसून राहिले. पाहुणे जेवून गेले. तुझे बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, पण काल गुणाआत्यांना सांगत होते, पोरीला दोन वर्षं लागतील.

तुझी,
आई