थंड होऊ दे, मग लाव

गुंद, ता. जोयडा
रविवार, ९ मार्च २०२५

ती. परशूदादास सुमीचा नमस्कार.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन का केला नाही म्हणशील. मोबाइलची रेंज मिळायला शेजारच्या पारूच्या घरामागचा चढ चढावा लागतो हे एक, आणि चढून गेले तरी तू मधेच बोलायला लागतोस नि मी गप्प होते, हे दुसरं. कागदावर तसं होत नाही.

इकडे बरं आहे. काजूला यंदा मोहोर चांगला आलाय. परवा गवे कुळागरात शिरले, सहा केळी आडव्या केल्या. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. रक्षावहिनीच्या वसतिगृहात परीक्षेची गडबड असेल, मुली रात्रंदिवस घोकत असतील.

आणि एक बातमी. माझा कॉम्प्युटर नीट झाला. सकाळी लावते तो संध्याकाळपर्यंत चालतो. एकदाही हँग होत नाही. लोकांचे जमिनीच्या पहाणीचे उतारे, रेशनचे अर्ज, सगळं आता घरीच होतं. जोयड्याला जावं लागत नाही.

तुला आनंद झाला असेल ना?

कसा नीट झाला ते सविस्तर सांगते. तू दुकानात दिवसभर हेच काम करतोस, तेव्हा तुला समजायला जड जाणार नाही.

दीड वर्षापूर्वीच्या गणेशचवथीला तू आला होतास. कॉम्प्युटर तूच आणून दिलेला, म्हणून तूच म्हणालास, "सुमे, आत कचरा बसला असेल, उघडून साफ करतो." त्या वेळी माझा अर्ज भरायचा राहिला होता. रामनगरच्या वसतिगृहात वॉर्डनची एक जागा, राहायला क्वार्टर, आणि अर्ज फक्त ऑनलाइन. घरी केबलचं इंटरनेट होतंच. माझा जातीचा दाखला जोयड्याहून यायचा होता, तो शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी हातात आला. वहिनीनं त्याच जागेसाठी आधीच अर्ज केला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुला होतं.

तू पडवीत बसून डबा उघडलास, ब्रशनं धूळ काढलीस, परत लावलास. मशीन चालू केलीस आणि म्हणालास, "बघ, आवाजसुद्धा न्हाई." खरंच आवाज नव्हता. आधी घुर्र करायचा तो बंद झालेला. मी तुझं कौतुक केलं. पारूलाही बोलावून दाखवलं, आमच्या दादानं बघ कसा गुपचूप करून दिला.

शेवटच्या दिवशी मी नऊ वाजता बसले. अर्जाची सात पानं. चौथ्या पानावर सगळं थांबलं. माउसचा बाण हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ नऊ अठरावर अडकलं. बटण दाबून बंद केला, परत लावला, परत पहिल्या पानापासून. परत अडकला. असं किती वेळा झालं त्याची मोजदाद ठेवली नाही. पावसानं वाटेत झाड पडून बस बंद होती, नाहीतर जोयड्याला पळाले असते. चढावर जाऊन तुला फोन केला. तू म्हणालास, "थंड होऊ दे. अर्ध्या तासानं लाव."

मी थंड होऊ दिला. अर्धा अर्धा तास. मधल्या वेळात पदरानं वारा घालत होते. पाच वाजता अर्जाची मुदत संपली तेव्हा मी सहाव्या पानावर होते.

वहिनीची निवड झाली. बी.ए.ला माझे गुण तिच्याहून जास्त होते, पण माझा अर्जच नव्हता. तरी मी पातोळ्या करून पाठवल्या. कान्हूमामांच्या हाती, हळदीच्या पानांसकट, गरम गरम.

त्यानंतर दीड वर्ष मशीन अडकतच राहिली. तुला विचारलं की तू उपाय सांगायचास. फॉर्मॅट कर म्हणालास, केलं. त्यात माझे तीन वर्षांचे कागद गेले. अँटिव्हायरस टाक म्हणालास, टाकला. व्होल्टेज कमीजास्त होतंय, स्टॅबिलायझर घे म्हणालास, घेतला. जोयड्यात कुणाला तरी दाखवते म्हटलं तर रागावलास, "घरचा माणूस असताना भायेरच्याला कशाला?" ह्या काळात तू तीनदा घरी आलास. मशीन त्याच पडवीत, त्याच टेबलावर. तू तिच्या बाजूला बसून जेवलास.

फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि मशीन दहा मिनिटंही टिकेना. जोयड्यात नेत्रा नावाची एक बाई कॉम्प्युटरचा क्लास घेते. तुझ्या नकळत मी तिला फोन केला. तिनं विचारलं, "लावल्या लावल्या अडकतो का थोड्या वेळानं?" मी म्हटलं, थोड्या वेळानं, दुपारचा लवकर. ती म्हणाली, "मग तापतोय तो. मागं हात लावून बघा. वारा येतोय काय?"

घरी येऊन हात लावला. वारा नव्हता. डबा मात्र तव्यासारखा.

चार स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. पंखा दिसला. त्याच्या पात्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं, अख्खं, एक धागा तुटलेला नाही. फिरणाऱ्या पंख्यावर कोळी जाळं विणत नाही एवढं मलाही समजतं. वायर शोधली. उंदरानं कुरतडलेली असती किंवा सैल होऊन निसटलेली असती, तर मी हसले असते. ती बोर्डावरून काढलेली होती, गुंडाळून बाजूला सारलेली होती, आणि तोंडाला काळी टेप लावलेली होती. टेपचं टोक दुमडलेलं. तू तसंच दुमडतोस दादा, लहानपणी बॅटरीला टेप लावायचास तेव्हापासून. पुढं सोडवायला सोपं पडतं म्हणून. म्हणजे तू ती परत जोडणार होतास. निवड होऊन गेल्यावर कधीतरी. मग जोडली का नाहीस, ह्याच्यावर मी पुष्कळ विचार केला. विसरला नव्हतास, नाहीतर बाहेरच्याला दाखवते म्हटल्यावर रागावला नसतास; उघडायचं टाळलंस, असंच वाटतं. त्याचाच मला जास्त राग आला.

मी जमिनीवर बसले होते, वायर हातात. आई चहा घेऊन आली. तिनं टेप बघितली आणि म्हणाली, "सापडलं व्हय?"

मी म्हटलं, "तुला ठाव होतं?"

"त्यानं काढली तवा मी हितंच तांदूळ निवडत हुते."

"आणि तू काय बोलली न्हाईस?"

"त्यो म्हणला, सुमी आज ना उद्या लगीन करून जाणार. नोकरी घरात ऱ्हायला हवी. वहिनीची नोकरी ती घरचीच की गे."

मी छत्तीस वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ह्या घरात भात कोण लावतं, आईच्या गुडघ्यांना तेल कोण चोळतं? तर मी जाणार, आणि घर तुझं. मी चहा घेतला नाही. तिनं कप आत नेला. त्यानंतर पंधरा दिवस आमच्यात जेवायला ये आणि दार लाव, ह्यापलीकडे बोलणं नाही.

वायर जोडायला अर्धं मिनिट लागलं.

आता मी काय केलं ते लिहिते. गावच्या शेती सोसायटीचे चार कॉम्प्युटर सांभाळायचं काम तू मागितलं होतंस. सेक्रेटरी शिवानंदराव मला विचारायला आले, तुमच्या भावाला द्यावं ना? मी त्यांना पडवीत बसवलं, पत्रा उघडला, काढून ठेवलेली टेप दाखवली, आणि तू चवथीला काय केलंस ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी समितीनं ते काम मला दिलं. बाजारकुणंगपर्यंत बातमी पोचली आहे. रामनगरला तुझ्या दुकानात पोचायला फार दिवस लागणार नाहीत.

रक्षावहिनीला हे माहीत होतं का, मला ठाऊक नाही. हे पत्र तिला वाचायला दे. नाही दिलंस तर तिला वेगळं लिहीन. तिच्या जागेवर मी बोट ठेवणार नाही. आता ती नोकरी मला नको.

शेवटचं राहिलं. हे पत्र तुला कान्हूमामांनी दिलं असेल, आणि आई तुझ्या दारात उभी असेल. तिला आत घे. आठ दिवस दादाकडे राहून ये, असं सांगून मी तिला मामांबरोबर बसमध्ये बसवते आहे. तिनं दोनच लुगडी घेतली. बाकीची सगळी मामांकडच्या मोठ्या पिशवीत मी भरली आहेत, वर कुळथाची पुरचुंडी ठेवून. तिला ते माहीत नाही. घरातल्या माणसाला न सांगता कसं करायचं, हे मी तुमच्या दोघांकडूनच शिकले.

काल तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले. ती म्हणाली, "बरी बोललीस एकदाची." मी वेणी घातली.

रक्तदाबाची गोळी सकाळी, पेज घेतल्यावर. उपाशीपोटी देऊ नकोस. गुडघ्यांचं तेल निळ्या बाटलीत आहे, निजण्यापूर्वी चोळावं लागतं, आणि ती स्वतःहून मागत नाही. तुमच्याकडे रस्त्यावर लाकडाचे ट्रक असतात, तिला एकटीला रस्ता ओलांडू देऊ नका.

शिगम्याला तुम्ही येऊ नका. मी घराला कुलूप लावून सोसायटीच्या कामावर असेन.

आठ दिवस झाले की ती विचारेल, सुमी न्यायला कधी येणार. तेव्हा तिला काय सांगायचं ते तू ठरव. घरचा माणूस तूच आहेस.

सुमंगला