दादांच्या घरापर्यंतची वायर

८ नोव्हें. ९८, रवि.
पडद्यावरच्या वाळूच्या घड्याळाविरुद्ध आज गंभीर तक्रार नोंदवीत आहे. सदर घड्याळ उलटतं, पालटतं, वाळू मात्र संपत नाही. दादांच्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरवर एक फोटो यायला दोन चहा लागले. थोरल्या भावाचं घर आणि माझं, मधे एक बोळ. काळी वायर उंबऱ्यांवरून जाते. शिंगणापुरात चौकटीला दार नाही, भोक पाडायचं वाचलं, एवढीच कमाई.
बायको सुमन: "त्यापेक्षा मीच आणते फोटो, पदरात घालून."

१० मंगळ.
पुण्याहून उपसंपादकांचा फोन. "बातमी ताजी असते हो तुमची, फोटो शिळा येतो. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर फोटो नगरहून घेऊ."
म्हणजे माझी बातमीदारी राहील, दादांचं फोटो काढून, स्कॅन करून पाठवायचं काम जाईल. त्यांना बोललो नाही. वहिनी गेल्यावर त्यांनी फोटो स्टुडिओ बंद केला आणि वर्षभर ओट्यावर बसून रस्ता बघितला. स्कॅनर आणून पुढ्यात ठेवला, तेव्हा कुठे रोज दाढी करायला लागले.

१३ शुक्र.
आज वायर गुणी. फोटो आला तो झटक्यात. कारण अज्ञात.
दादा: "बग बापू, तू उगाच घाबरत हुता."

१५ रवि.
पुन्हा रडगाणं. निम्म्यावर येऊन अडकतं, मग पहिल्यापासून. शेवटी फोटो लहान करून फ्लॉपीवर घेतला, खिशात घालून बोळ ओलांडला. वायरीच्या आधी पोचलो.
दादांना म्हटलं, शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा, आपल्या वायरीतूनच जात असावा.
हसले नाहीत. "देवाची चेष्टा नगं." मग हळूच, "पुण्याचं काय म्हननं हाय?"
काही नाही म्हटलं. खोटं.

१६ सोम.
कॉलेजात घोकलेलं न्यायशास्त्र एकदाचं कामी आलं. अन्वय-व्यतिरेक: कारण असेल तर दोष दिसतो, काढलं की जातो. दादांचा कॉम्प्युटर उचलून माझ्या शेजारी ठेवला, दोन हात वायर जोडली. फोटो क्षणात! यंत्रं निर्दोष. गुन्हेगार लांब वायर, किंवा तिची टोकं.
माझ्याकडचं टोक स्वच्छ. दादांकडचं फिरवून काढलं, तर बोटं चिकट. काळा चिखल. वास घेतला. तीळतेल.
दादा मागेच उभे. "त्ये व्हय? शनवारी देवाला वाहून वाटीत उरतं, त्यातलं घालतो थेंबभर. शुक्करवारी पुसून घेतो, शनवारी नवं. तुझी वहिनी शिलाई मशीनला असंच घालायची. कवा बंद पडली का?"
नाही पडली, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
शुक्रवारचं कोडं मात्र सुटलं.

१८ बुध.
नगरहून नवी टोकं आणून बसवली. आपोआप गंजतात, असं दादांना सांगितलं. हे दुसरं खोटं. फोटो दुपारीच पुण्याला. उपसंपादक: "आता कसं! असंच ठेवा."

२० शुक्र.
वायर अजून उत्तम. दादा खुशीत. दुपारी त्यांच्याकडचं टोक पुसून इकडे आले, कोरडंच होतं म्हणाले. जाताना: "नव्याला उद्या जरा जास्तच घालतो. सवय हुईपतोर लागतं."
सुमन चिडली. "सांगा की सरळ! कुक्कुलं बाळ आहेत का?"
संध्याकाळी सांगायला म्हणून गेलो. उद्याच्या तेलाची वाटी घासून पालथी घातलेली, शेजारी वहिनींच्या मशीनवर नवं कापड. "नवं दिसतंय," एवढंच बोललो आणि परत आलो.
वायरीचं काही नाही, टोकं आणखी मिळतील; त्यांवरही तेल पडेलच. पण 'हात लावू नका' म्हटलं, तर ते स्कॅनरलाही हात लावायचे नाहीत. ओळखून आहे मी. न म्हणावं, तर पुणं काम काढून घेणार. दोन्हीकडून दादा रिकामेच. वहिनींमागचं ते वर्ष त्यांनी एकदा काढलं. दुसऱ्यांदा निघेल असं मला वाटत नाही.