परसात पुन्हा भट्टी न घालण्याबाबत

मी, खाली सही करणारी, झाडपाल्यातली रसायनं वेगळी काढून तपासण्यात हयात घालवलेली निवृत्त संशोधक, लहानपणापासूनची दमेकरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. दम कमी पडतो, अक्कल शाबूत आहे. छातीच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

कलम पहिलं. राहतं घर माझं स्वकष्टार्जित आहे. त्यात मी, धाकटा भाऊ, भाचेसून आणि तिची मुलगी, म्हणजे भावाची नात, असे राहतो. भाचा परगावी नोकरी करतो आणि फोनवर सगळ्यांना हो म्हणतो. हे घर परसासकट मी भाचेसुनेला देते. अट पुढे येईल.

कलम दुसरं. माझं संशोधन. एका झुडपाच्या पानांतून आम्ही एक द्रव्य काढलं. त्याने श्वासनलिकेची सूज उतरते, असं उंदरांत दिसलं. त्या बिचाऱ्यांना दमा मुळात आम्हीच दिला होता, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन टोचटोचून. मग आम्हीच तो कमी केला आणि एकमेकांची पाठ थोपटली. शोधनिबंधाची शेवटची ओळ स्पष्ट होती: माणसांवर चाचणी झालेली नाही. भावाने पहिली ओळ वाचली आणि परसात भट्टी घातली. पानं उकळून तो जे काही बाटलीत भरतो, त्यावर माझा फोटो आहे. "ताई स्वतः यावरच जगली," असं गिऱ्हाइकांना सांगतो. ताई डॉक्टरांनी दिलेल्या पंपावर जगली. एकदा मी गिऱ्हाइकासमोरच पंप ओढला, तर म्हणे, "त्यातही आमचाच अर्क आहे." फोटो बाटलीवरून काढावा. त्यात मी हसते आहे, आणि ते औषध प्यायलेलं माणूस हसत नाही.

निबंधावर माझ्याआधी स्वतःचं नाव घालणाऱ्या विभागप्रमुखांना उंदरांचा रिकामा पिंजरा द्यावा. सूक्ष्मदर्शक नातीला.

कलम तिसरं, आणि खरं हेच. नातीला दमा आहे. तिचा पंप भावाने माळ्यावर टाकला होता, सवय लागते म्हणून. भट्टी तिच्याच खिडकीखाली. परवा पोर माझ्याजवळ येऊन बसली, खांदे उचलून श्वास घेत होती. म्हणाली, "आजी, आजोबांचं औषध शिजायला लागलं की मला जास्त धाप लागते गं." इतकी वर्षं प्रयोग केले, एकाही उंदराला हे सांगता आलं नव्हतं. मला रडू आलं आणि संतापही आला. भाचेसुनेला शिडीवर चढवून पंप काढला, डॉक्टरांना बोलावलं. भावाला विचारलं, तर म्हणतो, "ताई, तो धूर नाही, गुण आहे. दमा आधी उसळतो, मग जातो."

घर अजून माझं आहे. उद्या सकाळी गवंडी येऊन भट्टी फोडणार आहे. माझ्यामागे ती पुन्हा उभी राहू नये, पंप कायम नातीच्या हाताशी असावा आणि डॉक्टरांची औषधं चुकू नयेत, या अटीवर घर भाचेसुनेला.

कलम चौथं. भावाला यातून काहीही मिळत नाही. तो लबाड नाही, त्याला ते सगळं खरंच वाटतं, हीच तर पंचाईत. आईमागे मीच त्याला वाढवलं, माझी त्याच्यावर माया आहे, आणि भाचेसून त्याला घराबाहेर काढणार नाही हे मी जाणते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणजे तो साक्षीला मोकळाच आहे.

स्थळ: राहतं घर, परसाकडची खिडकी बंद करून.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.
सही: नातीची आजी, भावाची ताई.

साक्षीदार पहिले: छातीचे डॉक्टर. सगळं वाचून सही केली.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. भट्टीवर उकळी आली होती, म्हणून घाईत होता. "ताई, तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात," म्हणाला आणि सही करून परसात गेला.