चिखलातला एकुलता एक टचडाऊन

मी, एमिल क्राटोखविल, वय अठ्ठ्याहत्तर, धान्याच्या कोठारावरचा निवृत्त कामगार, राहणार लोन क्रीक, नेब्रास्का, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्धीविषयी शंका फक्त माझी भाची इर्मा हिला आहे. घर तिलाच मिळणार असल्याने तिने ती मनातच ठेवावी.

पुरण्याआधी मी मेलो आहे याची दोनदा खात्री करावी. आमचा डॉक्टर घाईचा माणूस आहे.

घर आणि बँकेतली शिल्लक इर्माला. तळघरातली भट्टी धडधडते, त्याला घाबरू नये. धडधड थांबली तर घाबरावे.

हत्यारे चर्चला. शिडी पाद्रीसाहेबांना. तिची एक पायरी सैल आहे हे त्यांना सांगावे, पण लगेच नको.

आता बॉल. खरे तर त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

१९३७ साली सेंट अल्डरिक कॉलेजने माझे खांदे पाहून मला शेतावरून उचलले. कोच एरवी बायबल शिकवत, बॉल हातात धरून धडका देत खेळायचा आमचा फुटबॉल मात्र पुस्तकात बघून शिकवत. त्या हंगामात आम्ही एकामागून एक सामने हरलो, एकही गुण न करता. सामन्याआधीच्या प्रार्थनेत कोच सुरुवातीला विजय मागत. पुढे पुढे आमची हाडे शाबूत राहोत एवढेच मागू लागले.

शेवटचा सामना नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, भर पावसात. मैदान म्हणजे एरवी गायींचे कुरण. शेवटी शेवटी समोरच्या संघाच्या हातून त्यांच्याच गोलरेघेमागे बॉल सुटला आणि आम्ही सगळे त्यावर पडलो. पंचाने एकेकाला ओढून बाजूला केले. तळाशी मी आणि आमच्याच संघातला ऑगस्ट विटकाम्प, दोघांचेही हात बॉलभोवती. रेघेमागे बॉल आमच्या हाती, म्हणजे टचडाऊन! सहा गुण, आणि आम्ही जिंकलो. चिखलाने ना कोणाचा नंबर दिसत होता, ना तोंड.

पेपरचा बातमीदार फक्त ऑगस्टला ओळखत होता, कारण त्याच्या वडिलांच्या खाटिकखान्याची जाहिरात पेपरात असे. नाव ऑगस्टचे छापून आले. पण आमच्याकडे जिंकल्यावर बॉल गुण करणाऱ्याच्या घरी जातो. कॅप्टनने तो मला दिला, कारण ऑगस्ट मोडके नाक घेऊन डॉक्टरकडे गेला होता. माझे कोपर मध्ये आले, त्याला माझा इलाज नव्हता.

वसंतात मी लॅटिनमध्ये नापास होऊन घरी आलो. पुढे कॉलेजही बंद पडले. संघातले आम्ही दोघेच उरलो आहोत. ऑगस्ट दर शनिवारी माझ्या ओसरीवर बसून माझे कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, खातो आणि विचारतो, "चोरीचा माल बरा आहे ना?"

तर बॉल ऑगस्टला द्यावा. अट एकच. रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये सगळे कॉफी घेत असताना, त्याने उभे राहून मोठ्याने म्हणावे, "टचडाऊन एमिलने केला." नाही म्हटले तर बॉल इर्माला. ती तो चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत टाकील. या विचाराने माझी झोप उडाली आहे.

सही करताना वाढवलेला मजकूर: शेजारीण पर्ल ओडगार्ड साक्षीला आली आहे. दुसरे साक्षीदार पाद्रीसाहेब आले नाहीत. कोणीतरी शिडीचे सांगितले असावे. ऑगस्ट मात्र कोलाचे खायला आला आणि माझ्या खांद्यावरून सगळे वाचून मोकळा झाला.

"उभं राहून? लेका, माझे गुडघे तरी बघ!"

"बसून बोल. पण बोल."

"साक्षीदार कमी आहे ना? मी करतो सही."

पर्ल म्हणाली, "ऑगस्ट, थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा. तुमचा बॉल जाईल."

"आणि ते हॉलमधलं भाषण?"

"बॉलच नाही, तर भाषण कसलं?"

"मग आण ते पेन."

"अरे, इर्मा विकून टाकेल तो!" मी म्हणालो.

"विकू दे की. विक्रीला मीच पहिला उभा राहीन. दोन डॉलर देईन आणि तोंड बंद ठेवीन."

हा कागद फाडून नवा लिहावा, तर माझा हात आता चालत नाही. म्हणून आहे तसाच कायम करतो.

लोन क्रीक, १५ ऑक्टोबर १९९४

एमिल क्राटोखविल

साक्षीदार १: पर्ल ओडगार्ड, शेजारीण

साक्षीदार २: ऑगस्ट विटकाम्प, टचडाऊन करणारा

साक्षीदार २ च्या नावापुढील मजकूर मला मान्य नाही. ए. क्रा.