राखणीचे सहा महिने

प्रमोदिनी,

घरात कुणाला टीबी होता का, असं डॉक्टरांनी आज परत विचारलं तर व्हय म्हण. मला होता. तू लग्न होऊन आलीस त्याच साली. राखणीचं निमित्त करून मी सहा महिने शेतात झोपलो, ते त्यापायी. नवी सून माहेरी निघून जाईल म्हणून पोटच्या गोपाळलासुद्धा सांगितलं न्हाई. तुझ्या एक्सरेत डाग निघाला, दुबईच्या शाळेतल्या नोकरीचा व्हिसा अडला, तो बहुतेक माझ्यामुळंच. माझे जुने कागद आणायला निपाणीला निघालोय. चारच्या आत दवाखान्यात पोचतो.

परवा तू घरात कुणाला नव्हता म्हणालीस, तवा डॉक्टर तुला खोटी ठरवत होते आणि मी शेजारी बसून खाली बघत होतो. आज माझ्याशेजारी बसशील न्हवं?

आप्पा